चंपा वाघमारे विरुद्ध धोंडू अल-ऐनी

सत्यनारायणाच्या कथेत मधेच "गोल!" असं ओरडणारी मुलगी आखातातल्या या खलिफा सिटीत माझ्याआधी झाली नसेल, आणि माझ्यानंतर मनोरमामावशी होऊ देणार नाही.

शनिवार होता. मावशीच्या नव्या व्हिलातली पहिली पूजा. गुरुजी साधुवाण्याच्या नौकेपर्यंत आले होते, पन्नासेक माणसं हात जोडून बसली होती आणि मी अगदी मागे, भिंतीला टेकून, ओढणीआड फोन धरून माझा सामना बघत होते. एक वाजताचा सामना, मी तरी काय करणार? पूजेची वेळ मावशीला बदलता आली असती, लीगची मला नाही. फोनवर हिरव्या चौकोनात ठिपके पळत होते आणि खाली इंग्रजी ओळी सरकत होत्या. एक्क्याऐंशीव्या मिनिटाला ओळ आली... वाघमारे पुढे घुसली, गोलकीपर धावत बाहेर आला, वाघमारेने चेंडू त्याच्या डोक्यावरून टाकला...

"गोल!"

आणि त्याच क्षणी हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून, पुरुषांच्या गर्दीतून, एक कळवळलेला आवाज आला, "अरे धोंडू, काय केलंस हे!"

गुरुजी थांबले. मावशीने माझ्याकडे कसं बघितलं ते मी इथे लिहीत नाही. पण माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. मी आत्ता ज्याच्या डोक्यावरून गोल मारला त्या गोलकीपरचं नाव होतं धोंडू अल-ऐनी. आणि ते नाव या घरात माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

प्रसादाच्या वेळी तो आला. उंच, किंचित वाकून चालणारा, निळा कुडता, हातात शिऱ्याची वाटी. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"तुम्ही... चंपा?"

"आणि तुम्ही धोंडू."

"हळू बोला हो. इथे आईबाबांच्या ओळखीचे सगळे आहेत. मला उपेंद्र म्हणतात."

"उपेंद्र? हे तर आजोबांचं नाव झालं."

"आणि तुमचं?"

"विभावरी."

"मग ठीक आहे," तो गंभीरपणे म्हणाला, "दोघांची नावं पंचांगातूनच काढलेली."

मी हसले. हसायचं नव्हतं. ज्याच्यावर आत्ताच गोल मारलाय त्याच्यासमोर माणसाने जरा तोऱ्यात राहायला हवं.

आता हा खेळ काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला वेडेपणा वाटेल. तसा तो आहेच, पण त्याला नियम आहेत.

ही इंटरनेटवरची फुटबॉल लीग. जगभरातली चार-पाचशे माणसं त्यात आहेत आणि प्रत्येकाने एकच खेळाडू बनवायचा. नाव आपण द्यायचं, जागा आपण ठरवायची. पण मैदानात त्याला आपण पळवायचं नाही, कुठलंही बटण दाबायचं नाही. आठवडाभर त्याला ट्रेनिंग द्यायचं, म्हणजे लीगच्या साइटवर सामन्यांचे वृत्तांत लिहायचे, अंदाज बांधायचे, चित्रं काढायची. त्याचे गुण मिळतात. ते गुण खेळाडूच्या वेगावर, नेमबाजीवर, पासवर टाकायचे. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता ट्रेनिंगचं पान बंद होतं आणि शनिवारी दुपारी एकला संगणक सामना खेळवतो, नव्वद मिनिटांचा अर्ध्या तासात. आपण फक्त बघायचं. स्वतःच्या मुलीला स्टेजवर नाचताना बघतात ना, तसं. हात शिवशिवतात आणि काहीही करता येत नाही.

लीगचे दोन मजले. वरची मोठी लीग आणि खालची डेव्हलपमेंट लीग, म्हणजे नवख्यांची. बाबा तिला "तुझी बालवाडी" म्हणायचे. सीझन संपला की वरचे संघ यादी लावतात आणि खालच्यातले निवडक खेळाडू वर बोलावतात. तीन सीझनांत कुणी बोलावलं नाही, तर तुमचा खेळाडू लीगमधून कायमचा काढून टाकतात. खलास.

माझी चंपा वाघमारे तिसऱ्या सीझनमध्ये होती.

पहिल्या वर्षी संघवाटप झालं तेव्हा चंपाला सगळ्यांत शेवटी घेतलं होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'हे नाव गंमत म्हणून असावं.' गंमत? त्या दिवशी मी ठरवलं की हे नाव वरच्या यादीत लावून दाखवेन. मी जबल अली बंदरात एका शिपिंग कंपनीत कस्टम्सची कागदपत्रं करते. दिवसाला साठ कंटेनर माझ्या हाताखालून जातात आणि एकावरही माझं नाव नसतं. चंपा मात्र माझी होती, पायाच्या नखापासून मी घडवलेली. तीन सीझन दर आठवड्याला मी तिच्यासाठी लिहीत आले होते, तापात आणि ईदच्या सुट्टीतसुद्धा. म्हणून माझा तोरा. तो लपवायची मला कधी गरज वाटली नाही.

उपेंद्र अल ऐनचा. तिथेच वाढलेला, तिथल्याच एका हॉस्पिटलात मशीनं सांभाळणारा इंजिनिअर. त्यांच्या मशीनचे सुटे भाग यायचे जबल अलीतूनच, माझ्या ऑफिसच्या मागच्या वेअरहाउसमधून. त्यामुळे पूजेनंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात तो खाली पार्किंगमध्ये उभा होता.

"पार्ट्स सोडवायला आलो होतो," तो म्हणाला.

"मग सोडवा की. वेअरहाउस त्या बाजूला."

"सुटले. दहा वाजताच." मी घड्याळ बघितलं. पाच वाजले होते. "म्हणजे... एक चहा घेऊ या का? शत्रूंनी एकमेकांची ताकद ओळखून असावं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"धोंडू."

कॅफेटेरियासमोर गाडी लावली, हॉर्न दिला, पोऱ्या नाही पण चांगला मिशाळ मल्याळी काका दोन कडक चहा घेऊन आला. कंपन्यांच्या बस एकामागून एक कामगारांना घेऊन निघाल्या होत्या, क्रेनच्या मागे ऊन तांबूस झालं होतं. उपेंद्रला गरम कप धरता येत नव्हता. तो रुमालात गुंडाळून, फुंकर घालत, अगदी मन लावून चहा पीत होता आणि मी रस्त्याकडे बघण्याचं सोंग करून त्याच्याकडे बघत होते.

"आपण हे 'तुम्ही' बंद करू या का?" तो म्हणाला. "डोक्यावरून गोल मारलेल्या माणसाला अहो-जाहो बरं नाही वाटत."

"तो गोल तुझ्यामुळे झाला. धोंडू दर वेळी पुढे धावत येतो. जागेवर थांबत का नाही?"

"त्याचा स्वभाव आहे. मी बनवतानाच तसा बनवला. कुणी येतंय म्हटलं की त्याच्याने थांबवतच नाही." मग कपाकडे बघत, "मालकावर गेलाय."

मी उरलेला चहा एका घोटात संपवला. पण घरी जाताना एक्झिट चुकले, आणि या रस्त्यावर एक्झिट चुकलं की वीस मिनिटं गेली. मला वाईट मुळीच वाटलं नाही.

असे तीन महिने गेले. त्याचे सुटे भाग फारच वारंवार यायला लागले. रोज मेसेज, सामन्यांच्या दिवशी फोन. तो माझे वृत्तांत वाचायचा आणि चुका काढायचा, मी त्याच्या चित्रांना नावं ठेवायची. धोंडूला वर बोलावणार हे जवळपास ठरलं होतं, एका मोठ्या संघाने तसं कळवलंही होतं. चंपाबद्दल मात्र कुणी एक अक्षर काढत नव्हतं. एकोणीस गोल झाले होते तिचे. सगळे सांगायचे, फायनलमध्ये गोल मार, मगच बघतील तुझ्याकडे.

आणि फायनल ठरली... आमचे टिंबक्टू टायगर्स विरुद्ध उपेंद्रचे कासाब्लांका क्रेन्स. म्हणजे चंपा आणि धोंडू, समोरासमोर.

फायनलच्या आधीच्या गुरुवारी मुनिबाचा फोन आला. मुनिबा आमची टायगर्सची मॅनेजर, शारजाहमध्ये शाळेत शिकवते, उर्दू मिसळलेल्या हिंदीत बोलते आणि आडपडदा ठेवत नाही.

"मुबारक हो," ती म्हणाली. "तुम्हारे धोंडू साहब ने तीन हफ्ते से ट्रेनिंग ही नहीं भरी."

"मतलब?"

"मतलब पेज खोलो और देखो. सबका रेकॉर्ड खुला रहता है. पॉइंट्स पड़े हैं, डाले नहीं. गोलकीपर कच्चा का कच्चा. जिस दिन फायनल तय हुआ, उसी दिन से." ती हसली. "आशिक़ लोग चाँद-तारे तोड़ते हैं. ये भाई गोल दे रहा है."

मी पान उघडलं. खरं होतं. तीन आठवडे कोरे. त्या तीन आठवड्यांत तो रोज माझ्याशी बोलला होता, रोज विचारलं होतं की चंपाची तयारी कशी आहे... आणि स्वतःच्या खेळाडूला उपाशी ठेवून बसला होता.

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. दुसऱ्या कुणाला हे गोड वाटलं असतं. मला अपमान वाटला, सरळसरळ अपमान.

शुक्रवारी ऑफिस अर्धा दिवस. बाराला लॅपटॉप बंद केला आणि गाडी थेट अल ऐनच्या रस्त्याला लावली. जानेवारीचं ढगाळ आभाळ होतं. अर्ध्या वाटेवर चक्क पाऊस भुरभुरायला लागला. लोक गाड्या कडेला लावून, बाहेर उभे राहून त्याचे व्हिडिओ काढत होते. माझ्या काचेवर वायपरने फक्त चिखल पसरवला. स्पीड कॅमेऱ्याचं रडार दिसलं की मी वेग कमी करत होते आणि राग वाढवत होते.

हॉस्पिटलच्या दारात तो धावतच आला. "विभा? तू इथे? घरी सगळं ठीक आहे ना?"

"गाडीत बस."

तो बसला. केसांवर पावसाचे बारीक थेंब होते. एरवी मी ते बघत राहिले असते.

"तीन आठवडे ट्रेनिंग का नाही भरलंस?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या.

"उपेंद्र, मी दीडशे किलोमीटर आलेय."

"मला... माझं वर जाणं ठरलंय ना," तो चाचरत म्हणाला. "फायनल हरलो तरी मला काही फरक पडत नाही. आणि तुझं तिसरं वर्ष आहे. तू गोल मारलास तर तुला घेतील. म्हटलं... तेवढं तरी..."

"मला फरक पडतो."

"अगं, तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी? पहिल्या वर्षी मला शेवटी घेतलं ना, ते परवडलं. ती माणसं मला ओळखत नव्हती. तू ओळखतोस. तू माझा प्रत्येक वृत्तांत वाचलायस. आणि तुलाही असंच वाटतं की दार किलकिलं ठेवल्याशिवाय ही आत येणार नाही?" माझा आवाज फाटला, त्याचा मला आणखी राग आला. "उद्या मी गोल मारला असता, यादीत नाव लागलं असतं, आणि जन्मभर मला कळलं नसतं की ते माझं होतं की तू दिलेलं. चंपाला उपकाराचा गोल नको. मलाही नको."

काचेवर पाऊस टपटपत होता. त्याने ओले केस बाहीने पुसले.

"मला भीती वाटली," शेवटी तो म्हणाला. "मी तुझा गोल अडवला, तुझी चंपा गेली... तर तू परत माझ्याशी बोलणार नाहीस."

"आणि नाही अडवलास तर नक्कीच बोलणार नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग खिशातून फोन काढला, लीगचं पान उघडलं आणि स्क्रीन माझ्या बाजूला वळवली. तीन आठवड्यांचे साठलेले गुण तिथे होते. त्याने ते एकेक करून धोंडूवर टाकले. चपळाई वाढली. झेप वाढली. हातांची पकड वाढली. माझ्या डोळ्यांदेखत तो कच्चा गोलकीपर भिंत होत गेला.

"खात्री?" त्याचा अंगठा बटणावर थांबला होता.

"दाब."

त्याने दाबलं.

"झालं," तो म्हणाला. "आता मी तुला खरंच अडवणार, विभा."

"अडवून दाखव," मी म्हणाले. इतका आवडला मला तो तेव्हा, की त्याला उतरवून मी घाईघाईने गाडी सुरू केली.

परतीच्या वाटेवर डोकं थंड झालं आणि मला घाम फुटला. मी काय करून बसले होते? मुनिबाला फोन केला तर ती ओरडलीच, "या अल्लाह! तुम इतनी दूर जाकर उनका गोलकीपर ठीक करके आई हो? पागल हो क्या?"

पागल नव्हते, पण अडचणीत होते. चंपाचे चाळीस गुण अजून टाकायचे होते. सगळे नेमबाजीवर टाकायचे असं महिनाभर ठरलेलं. पण त्या धोंडूसमोर चाळीस काय, ऐंशी टाकले असते तरी सरळ फटका आत गेला नसता. मी चंपाला ओळखत होते तशीच आता त्यालाही ओळखत होते. त्याचे सगळे सामने मी बघितले होते. कितीही तयार झाला तरी तो पुढे धावत येणारच. आणि तो पुढे आला की मागे जाळं मोकळं. तेव्हा फटका मारायचा नाही. शेजारी कुणी असेल त्याला चेंडू द्यायचा.

पण मग गोल दुसऱ्याच्या नावावर. आणि गोल नावावर नसेल तर चंपाला कोण घेणार?

पावणेसहाला घरात शिरले. आई पुण्याला मामाकडे होती, बाबा टीव्हीसमोर. चपलाही न काढता खुर्चीत बसले. पंधरा मिनिटं. नेमबाजी की पास? जिंकायला कुठलं हवं ते मला कळत होतं, वर जायला कुठलं हवं तेही कळत होतं, आणि ती दोन वेगवेगळी होती. मला एवढंच वाटलं, की ज्याला मी 'खरं खेळ' म्हणून सांगून आले, त्याच्यासमोर मीही खरं खेळावं. जिंकण्यासाठी. सहाला दोन मिनिटं असताना चाळीसच्या चाळीस गुण पासवर टाकले.

सहा वाजून एक मिनिटाने उपेंद्रचा मेसेज आला. "पास??"

"उद्या बघ," मी लिहिलं.

शनिवारी एक वाजता बाबा संत्री सोलत माझ्याशेजारी येऊन बसले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"यातली तू कुठली?"

"तो निळा ठिपका. अकरा नंबर."

"आणि तुझा पगार हेच लोक देतात का?"

"बाबा!"

"बरं, बरं. पळतोय छान ठिपका."

आमचा एक, त्यांचा एक. दोन्ही गोल पहिल्या अर्ध्यात झाले, त्यात चंपाचा हात नव्हता. दुसऱ्या अर्ध्यात चंपाने पहिला फटका मारला... अल-ऐनीने अडवला. दुसरा मारला... अल-ऐनीने झेप घेऊन बाहेर ढकलला. तिसरा तर मी गोल समजून उठलेच होते, आणि ओळ आली, अल-ऐनीने बोटांच्या टोकांनी वर उडवला. माझं काळीज तुटत होतं, आणि खरं सांगू? त्याच काळजात कुठेतरी मला त्याचा भयंकर अभिमान वाटत होता. काय खेळत होता तो! एक इंचही सोडत नव्हता.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. वाघमारे डावीकडून घुसली. समोर मोकळं. अल-ऐनी जागा सोडून धावला. बाबांच्या हातातली संत्र्याची फोड तशीच राहिली. खालची ओळ सरकेना... मग सरकली. वाघमारेने फटका मारला नाही. वाघमारेने चेंडू उजवीकडे दिला. मोकळं जाळं. गोल.

दोन-एक. टायगर्स जिंकले.

मी ओरडले नाही. बाबाच ओरडले. "अरे वा! पण तिने स्वतः का नाही मारला?"

"मारला असता तर त्याने अडवला असता," मी म्हणाले आणि रडायला लागले.

मुनिबाचे वीस मेसेज आले. जगभरातल्या टायगर्सचे आले. उपेंद्रचा एकही नाही. मी फोन केला, बंद. दोन वाजले, अडीच वाजले. मला वाटलं, बरोबर आहे. खरं खेळ म्हणून मीच सांगितलं, आणि खरं हरल्यावर माणसाला दुखतं. दुखल्यावर दूर जातात माणसं. जाऊ दे. मी जिंकले होते आणि ते माझं होतं. मग मी पुन्हा पुन्हा त्यालाच फोन का लावत होते?

तीन वाजता यादी लागली. पंचवीस नावं. मी वरून खाली वाचत गेले. धोंडू अल-ऐनी तिसरा. मी खाली, आणखी खाली... एकविसाव्या ओळीवर थांबले. पुन्हा वाचलं. बाबांना चष्मा लावून वाचायला लावलं.

"चंपा वाघमारे," त्यांनी मोठ्याने वाचलं, प्रत्येक अक्षर सावकाश. खाली वरच्या संघाच्या मॅनेजरने एक ओळ लिहिली होती, ती त्यांनी दोनदा वाचली आणि मला मराठीत करून सांगितली, जणू मला इंग्रजी येतच नाही. "गोल मारणारे आमच्याकडे चार आहेत. समोर जाळं दिसत असताना पास देणारी हवी होती." मग चष्मा काढून म्हणाले, "कुणाला फोन करू मी? कुणाला तरी सांगायला हवं हे."

मी उत्तर देणार तेवढ्यात माझा फोन वाजला.

"खाली ये," उपेंद्र म्हणाला.

पार्किंगमध्ये त्याची गाडी धुळीने माखून उभी होती आणि तो तिला टेकून. डोळे तांबारलेले.

"सामना संपला तसा निघालो," तो म्हणाला. "फोनची बॅटरी गेली होती, आत्ता गाडीत थोडी चार्ज झाली. रस्ताभर राग होता. कुणावर ते माहीत नाही. शेवटच्या सिग्नलला गेला."

"खूप दुखलं?"

"खूप." तो हसला नाही. "मी काहीच सोडलं नव्हतं विभा. एक गुणसुद्धा मागे ठेवला नव्हता. तीनदा अडवलं तुला, आणि प्रत्येक वेळी वाटलं, झालं, आता ही माझ्याशी बोलणार नाही. तरी अडवलं. आणि तरी तू जिंकलीस."

मला काय वाटलं ते सांगते. आजवर लोकांनी मला संधी दिली होती, सवलत दिली होती, शाबासकी दिली होती. पण जीव तोडून माझ्याविरुद्ध कुणी खेळलं नव्हतं. त्याने मला तेवढं मोठं मानलं होतं. याहून जास्त कुणी कुणाला काय देतं?

"यादी बघितलीस?" मी विचारलं.

"गाडी चालवत होतो ना." मग त्याने माझा चेहरा बघितला. "विभा... लागलं?"

"एकवीस. तुझ्या नाही, दुसऱ्याच संघात."

तो असा ओरडला की वॉचमन केबिनमधून बाहेर आला. मग रुमाल काढला, परत ठेवला.

"म्हणजे वर पण वेगवेगळे संघ," तो म्हणाला. "परत तुला अडवायचं मी."

"रोज अडव."

"मला तू आवडतेस." वाक्य एका दमात आलं, कान लालबुंद. "कालच सांगणार होतो, गाडीत. पण मग तुला वाटलं असतं..."

"की ते गोलाबरोबर फुकट आलं."

"हो."

"मला तू कालच आवडलास," मी म्हणाले. "ते बटण दाबलंस ना, तेव्हा. त्याच्या आधीपासूनही असशील... पण काल मी हरले." माझा हात त्याच्या हातात कधी गेला ते कळलं नाही. त्याचा थंड होता आणि सोडायला तयार नव्हता.

"आता?" तो म्हणाला.

"आता यल्ला, वर चल. बाबा कुणाला तरी सांगायला माणूस शोधतायत."

"आत्ता? असा? मी... मी काय म्हणून सांगू?"

"तू काही सांगू नकोस. मी सांगते."

लिफ्टमध्ये त्याने तीनदा केस सारखे केले. दार बाबांनीच उघडलं, हातात अजून चष्मा. त्यांनी आमच्या हातांकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग माझ्याकडे. मी मान ताठ केली. आयुष्यात इतक्या अभिमानाने मी कुणाचीच ओळख करून दिली नव्हती.

"बाबा, हा उपेंद्र. ह्याला हरवलं मी."